सहाशे लिटरचा महिपती

तळेगावच्या अवजारांच्या दुकानात ट्रॅक्टरला लावायचा फवारा घ्यायला गिऱ्हाईक आलं, की दुकानदार आधी एकच विचारतो : फवारायचं काय? कार्ल्याजवळच्या वाडीतल्या महिपतीने या प्रश्नाचं उत्तर ‘सहाशे लिटर’ असं दिलं.

दुकानदार सभ्य होता. त्याने पुन्हा विचारलं. कुठलं पीक, किती क्षेत्र, चढ की सपाटी, फाटकं किती रुंद? पीक नाही, महिपती म्हणाला, बंगले आहेत. डोंगराच्या पायथ्याला उतारावर बावीस बंगल्यांची सोसायटी आहे आणि तिचा मेंटेनन्स आपल्याकडे आहे. कुंपणं, झाडं, रस्त्याकडेचं गवत, आणि मधोमध एकरभर लॉन. दुकानदाराने कोपऱ्यातली दोनशे लिटरची टाकी दाखवली. तिला पन्नास मीटर पाइप गुंडाळलेला होता आणि टोकाला हातात धरायची गन होती. ट्रॅक्टर रस्त्यात उभा करायचा, पाइप ओढत फाटकातून आत जायचं आणि पाहिजे तिथं मारायचं. बंगल्यांना हीच लागते, तो म्हणाला. लोणावळ्यापर्यंतचे सगळे हीच नेतात.

सगळे नेतात ती वस्तू महिपतीला दाखवू नये. शेजारच्या वाडीतल्या केरबाने गेल्याच वर्षी चारशे लिटरचा फवारा आणला होता. त्याला दोन्ही अंगांना उघडणारे लांबलचक दांडे होते, ज्यांना दुकानात बूम म्हणतात. केरबाला सपाटीवर सात एकर सोयाबीन असतं, हा तपशील महिपतीला गौण वाटला. चारशेच्या पुढे काय आहे, एवढंच त्याने विचारलं. चारशेच्या पुढे सहाशे होतं, आणि त्याला चाळीस फुटी बूम होता. दुकानदाराने उताराचं आणि वजनाचं आणखी एकदा सांगून पाहिलं आणि मग पावती केली. माणसाने किती वेळा सभ्य राहायचं यालाही मर्यादा असते.

ट्रॅक्टरही असाच आलेला. बारा वर्षांपूर्वी महिपतीने वडिलांची जमीन बंगल्यांच्या स्कीमला विकली आणि मग ट्रॅक्टर घेतला. हेच उलट क्रमाने केलं असतं, तर दोन्ही उपयोगी पडलं असतं. जमिनीतलं सगळ्यांत चांगलं, खालच्या अंगाचं भाताचं खाचर बिल्डरने सपाट करून त्यावर परदेशी नावाचं गवत लावलं. ज्या खाचरात महिपतीचा बाप इंद्रायणी भात पिकवायचा, त्याच खाचरातलं गवत महिपती आता दर पंधरवड्याला कापतो आणि ट्रॉलीत भरून टाकून देतो. त्याला यात काही विचित्र वाटल्याचं ऐकिवात नाही. उलट सोसायटीच्या फाटकावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हाताने अर्धवर्तुळ करून दाखवतो : हे सगळं आपल्याकडंच असतं.

फवारा घरी आला आणि दुकानदाराचं म्हणणं पहिल्याच चढाला खरं ठरलं. भरलेली टाकी मागे लटकली, की ट्रॅक्टरची पुढची चाकं जमीन सोडायची. यावर उपाय होते : टाकी अर्धी भरणं, किंवा पुढे लोखंडी वजनं बसवणं. टाकी अर्धी भरली, तर सहाशेची घेतली कशाला, असं महिपतीला वाटलं. वजनांऐवजी त्याला चुलत भाऊ जानू सुचला. साठीचा, पंच्याऐंशी किलोचा जानू त्या दिवसापासून पुढच्या बंपरवर मागे तोंड करून बसू लागला. एका हाताने तो बॉनेट धरायचा आणि दुसऱ्याने तंबाखू मळायचा. फवाऱ्यातलं सगळ्यांत भरवशाचं यंत्र तेच होतं.

बूमचं दुखणं वेगळं. फाटकं दहा फुटांची आणि बूम चाळीस फुटांचा. बंगल्याबंगल्यांमध्ये तो उघडायची सोय नव्हती, रस्त्यावर उघडला तर विजेचे खांब होते. म्हणून महिपतीने दांडे दुमडूनच ठेवले आणि पंपाला एक साधा पाइप जोडून रस्त्याकडेला, भिंतींच्या बुडाला आणि रिकाम्या प्लॉटांवर तणनाशक मारलं. म्हणजे जे दोनशे लिटरच्या टाकीने झालं असतं तेच सहाशेच्या टाकीने, जानूसकट झालं. बूम पुरता उघडेल अशी जागा अख्ख्या सोसायटीत एकच होती, ती म्हणजे लॉन. महिपती येता-जाता त्या लॉनकडे पाहायचा. इतका जीव लावून त्याने ते खाचर असताना पाहिलं असतं, तर कदाचित विकलं नसतं.

लॉनकडे पाहायला त्याला दुसरंही कारण होतं. मुलगी रेणुका हिचं इंदुरीला जमत आलं होतं. रेणुका शेतकीचा डिप्लोमा करून घोरावाडी स्टेशनापासून जवळच गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये सुपरवायझर आहे. नवरामुलगा, ओंकार, तळेगावच्या कारखान्यात. त्या दोघांचं एकमेकांविषयी काय ते आधीच ठरलेलं असावं, असा वाडीतल्या बायकांचा अंदाज होता, आणि बायकांचे असले अंदाज सहसा चुकत नाहीत. पण ओंकारचे वडील सोपान हे जुन्या पद्धतीचे शेतकरी. सून शेतकऱ्याच्या घरातली हवी, एवढं एकच त्यांनी मध्यस्थाकडे बोलून दाखवलेलं. पाहायला आले तेव्हा चहा पिऊन झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, की पाव्हण्यांची जमीन कुठं? महिपतीने ओसरीवरूनच लॉनकडे बोट केलं आणि सांगितलं, की ती काय समोर. सोसायटीला वापरायला दिलीय.

सोपानभाऊंनी तिकडे पाहिलं. मग ‘बरं’ म्हणाले.

त्या एका ‘बरं’वर महिपतीने पुढचा सगळा मनोरा रचला. साखरपुडा लॉनवरच करायचा. आपल्या जमिनीत आपलं कार्य. म्हणजे कुणाला शंकाच नको. त्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी लागणार होती. सेक्रेटरी प्रज्ञेश हे पुण्यात लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय करतात आणि शनिवार-रविवार चार नंबरच्या बंगल्यात येऊन तोच फुकट देतात. दिवाळीतल्या पाडव्याच्या सकाळी लॉनवर सगळ्या बंगलेवाल्यांचा फराळ असतो आणि वर्षभरातला सोसायटीचा तेवढाच सामुदायिक पराक्रम असतो. प्रज्ञेशनी अट घातली : पाडव्याला लॉन हिरवंगार दिसलं, तर पुढच्या रविवारी सकाळपुरतं महिपतीचं. नाही दिसलं, तर विषय नाही.

म्हणजे मुलीच्या साखरपुड्याची जागा गवताच्या रंगावर ठरणार होती. महिपतीला हे योग्यच वाटलं.

खंडेनवमीला अवजारं धुऊन पुजायची असतात. त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत आणि एकदा कुंकू लागलं, की दसरा उजाडेपर्यंत कुणी त्याला उघडत-खोलत नाही. ही रीत विळ्या-कोयत्याची होती, नांगराची होती. नांगराला आतली बाजू नसते. महिपतीने ट्रॅक्टर आणि फवारा सकाळभर धुतला. टाकीला गाडीचा शांपू लावला, नोझल न् नोझल जुन्या टूथब्रशने घासलं. रेणुका कामावर निघाली होती. जाता जाता तिने टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. तळाशी शंभरेक लिटर तणनाशकाचं पाणी शिल्लक होतं. लॉनला उद्या ज्या टाकीतून खत मारायचं म्हणता ती ही टाकी, असं तिने वडिलांना समजावलं. पॉलीहाऊसमध्ये तणनाशकाचा पंप वेगळा असतो, त्याला लाल पट्टा असतो, तो चुकून दुसऱ्या कामाला वापरला तर माणसाला घरी पाठवतात. वेगळा नाही, तर निदान हे काढून टाका आणि टाकी तीन पाण्यांनी धुवा. पाइप, जाळी सगळं.

औषध काढून टाकायला ते काय पाणी आहे, असं महिपतीचं म्हणणं पडलं. शिवाय वर पाचशे लिटर पाणी पडल्यावर खालचं शंभर लिटर काय करणार? दुधात पाणी घातलं तर दूध राहतं का? हा दृष्टांत त्याला इतका आवडला, की तो त्याने जानूलाही ऐकवला. रेणुकाची लोकल निघायची वेळ झाली होती. ती गेली, महिपतीने झाकण लावलं, त्यावर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि झेंडूचा हार घातला. आता झाकण उघडायचं म्हणजे स्वस्तिक मोडायचं. एवढा अधर्मी तो नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी झाकण उघडलं ते फक्त खत आणि पाणी ओतायला. लॉनवर महिपतीने पहिल्यांदा बूमचे दोन्ही दांडे उघडले. चाळीस फूट! ट्रॅक्टर सपाटीवर होता, त्यामुळे जानू रिकामा होता. त्याच्याकडे नारळ होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक तुषारांची भिंत सरकत गेली आणि बंगल्यांच्या गच्च्यांवरून लोकांनी मोबाईल धरले. प्रज्ञेशना ऊन समोरून आल्यामुळे व्हिडिओ नीट मिळाला नाही. त्यांनी पुन्हा एक फेरी मारायला सांगितलं. महिपतीने दोन मारल्या. यंत्राचं पोट रिकामं होईपर्यंत तो लॉनवर हिंडत राहिला. त्याच्या आयुष्यातले ते बहुधा सर्वांत सुखाचे पाऊण तास असावेत.

पाच दिवसांनी गवत फिकं पडलं. महिपतीने ते खताचा जोर म्हणून सांगितलं. आठव्या दिवशी पिवळं झालं, तेव्हा थंडीचा फरक म्हणून सांगितलं. वसुबारसेला लॉन गव्हाच्या काडासारखं दिसत होतं, आणि त्याच्या चारी कडांना, जिथे चाळीस फुटी बूम वळवता आला नव्हता तिथे, हिरवीगार चौकट उरली होती. कुणी मुद्दाम नकाशा काढून दिला असता, तरी दोष इतका स्वच्छ दाखवता आला नसता. रेणुकाने ते कामावर जाता-जाता पाहिलं आणि लोकल पकडली.

प्रज्ञेश धनत्रयोदशीला आले. त्यांना गवत मेल्याचं दुःख नव्हतं. बावीस घरांना आमंत्रण गेल्याचं होतं. त्यांनी पाऊण तास मोबाईलवर शोध घेतला आणि मग जाहीर केलं, की परदेशात सुकलेल्या लॉनला सर्रास रंग देतात, त्यात काही कमीपणा नाही. तुझ्याकडे मशीन आहेच, ते म्हणाले. परदेशी रंग इथे कुठे मिळायला! लोणावळ्याच्या रंगवाल्याकडून भिंतीच्या डिस्टेंपरमध्ये घालायच्या हिरव्या स्टेनरच्या बाटल्या आल्या, चिकटावं म्हणून खळ आली. सहाशे लिटर हिरवं पाणी तयार झालं.

आणि इथे त्या यंत्राला न्याय द्यायला हवा. सपाट जागा, मोकळं क्षेत्र, एकसारखा थर : चाळीस फुटी बूम अशाच कामासाठी बनवलेला असतो. चार नोझलं खळीने तुंबली, त्यामुळे लॉनवर फिक्या-गडद हिरव्या पट्ट्या उमटल्या. पाडव्याला फराळाच्या ताटल्या घेऊन बंगलेवाले त्या पट्ट्यांवरून फिरले. यंदा लॉन अगदी क्रिकेटच्या स्टेडियमसारखं राखलंय, असं तीन वेगवेगळ्या माणसांनी म्हटलं. हवा किती शुद्ध आहे, हेही म्हटलं. एक बाई चपला काढून अनवाणी चालल्या, कारण गवताशी पायांचा संपर्क आला, की शरीरातला ताण उतरतो. त्यांच्या पायांना जे चढलं, ते त्यांनी बहुधा पुण्याला गेल्यावर पाहिलं असेल. बावीस घरांतल्या एकाही माणसाला आपण मेलेल्या गवतावर उभं राहून चकली खातोय हे कळलं नाही, आणि दर महिन्याला मेंटेनन्स भरणाऱ्यांकडून ती अपेक्षाही नसते.

रविवार ठरला. महिपती मोतिया रंगाच्या सफारीत सकाळी सातपासून लॉनवर होता. गालिचे घातले, खुर्च्या मांडल्या, आणि टाकीचं काम झालेलं असल्यामुळे फवारा कार्याच्या मांडवासारखा सजवून, झाकणावर नवं स्वस्तिक काढून कडेला उभा केला. झेंडूचा हार दसऱ्याचाच होता. इंदुरीची मंडळी साडेनऊला आली. मुहूर्त अकराचा होता. सोपानभाऊ धोतर-टोपीत, खुर्ची नको म्हणून गालिच्याच्या कडेला मांडी घालून बसले. दव अजून सुकलं नव्हतं. शेतकरी माणूस जमिनीवर बसला, की त्याचा हात आपोआप गवताकडे जातो. त्यांनी एक पातं उपटलं. ते मुळासकट आलं. त्यांनी ते चिमटीत चोळलं, बोटांकडे पाहिलं, मग धोतराच्या काठाकडे पाहिलं. दोन्ही हिरवे झाले होते.

हे कुठलं वाण, असं त्यांनी विचारलं. महिपतीने परदेशी म्हणून सांगितलं. रंग सोडतं का, त्यांनी विचारलं. नवीन असतं तेव्हा थोडं सोडतं, महिपती म्हणाला. बाराव्या वर्षी हे उत्तर देताना त्याचा आवाज जराही हलला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

रेणुका नेसून-सवरून ओसरीतून आली होती आणि पाठीमागे उभी होती. मंडळींच्या नजरा सोपानभाऊंच्या हिरव्या बोटांवर गेलेल्या तिने पाहिल्या. ओंकारकडेही एकदा पाहिलं.

“मेलेलं आहे ते,” ती म्हणाली. “तणनाशकाची टाकी न धुता तिच्यातनं खत मारलं. मग रंग मारलाय. आणि जमीन आमची नाही. बारा वर्षं झाली विकून.”

महिपतीची बायको शालन हिने हातातलं तबक खुर्चीवर ठेवून दिलं. लग्न मोडायला एवढं पुरेसं असतं. वाडीतल्या लोकांनी तर मान वळवून मोडलेलं लग्न पाहायची तयारीही केली. महिपतीने काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि सवयीने त्याचा हात अर्धवर्तुळ काढायला वर गेला. तो तिथेच राहिला.

सोपानभाऊंनी ते पातं खाली ठेवलं.

“जिमिनीचं आमाला पयल्या दिसापास्नं ठावं हाय,” ते म्हणाले. “सातबारा हल्ली मोबाईलवर दिसतो, पावणं. ओंकारनं निघायच्या आदीच दावला व्हता. इकली तर इकली. मावळात कुणाची ऱ्हायलीय. शेतकऱ्याचं घर पायजे म्हनलो ते जिमिनीपायी न्हवं. पर तुमी टाकी धुतली न्हाई?”

महिपती म्हणाला, की खंडेनवमीला धुतली होती.

“आतनं?”

दूध आणि पाण्याचा दृष्टांत त्याच्या ओठावर आला असेल, पण तो त्याने गिळला. आयुष्यातला त्याचा हा एक शहाणपणा.

सोपानभाऊ उठले. मेलेल्या पिकावर बसून कार्य करत नाहीत, त्यांनी मंडळींना सांगितलं, गालिचे उचला. कुठं जायचं, कुणी तरी विचारलं. मुलीच्या बापाचं अंगण आहे ना, ते म्हणाले. अंगण होतं. शेणाने सारवलेलं, कोंबड्यांचं खुराडं असलेलं, बारा वर्षांत महिपतीने कुणालाही हाताने न दाखवलेलं. शंभर माणसं खुर्च्या डोक्यावर घेऊन लॉनवरून अंगणात चालत गेली आणि प्रत्येकाच्या पायाला हिरवा रंग होता. प्रज्ञेश गच्चीतून पाहत होते. कार्य का हलवलं, ते त्यांना समजलं नाही. लॉन तर छान दिसत होतं.

पण मुहूर्ताच्या आधी सोपानभाऊंनी आणखी एक काम काढलं. फवारा अंगणाबाहेर आणवला, कडेच्या भाताच्या पाटापासून लांब, मुरमाच्या पडीक तुकड्यावर. आणि महिपतीला म्हणाले, हं.

सफारीच्या बाह्या दुमडून महिपतीने झाकण उघडलं. स्वस्तिक मोडलं. पहिलं पाणी गडद हिरवं निघालं. जाळी काढली, त्यात खळीचा गोळा होता. बूमची टोकं उघडून पाणी सोडलं तेव्हा ते कसल्या तरी आंबूस वासाचं आलं. जानू बादल्या आणून देत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला फवाऱ्याच्या मागच्या बाजूचं काम मिळालं होतं. सोपानभाऊ शेजारी उभे राहून मोजत होते, मोठ्याने नाही. दुसरं पाणी फिकं आलं. भटजींनी घड्याळ पाहिलं. सोपानभाऊंनी भटजींकडे पाहिलं, तेव्हा भटजींनी घड्याळ पाहणं सोडलं. तिसरं पाणी स्वच्छ आलं. सोपानभाऊंनी ते ओंजळीत घेतलं, हुंगलं आणि सांडलं.

“आता नेमानं असंच,” ते म्हणाले. “येत नसलं तर लेकीला इचारायचं. ती लगीन होईस्तोवर हाय हितं.”

मग कुंकू लागलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी, कोंबड्यांच्या साक्षीने. रेणुकाच्या चेहऱ्यावर कसलाच विजय नव्हता. ती अंगठी बोटात फिरवत, मुरमावर पसरलेलं हिरवं पाणी पाटाकडे तर जात नाही ना, हे पाहत होती.

महिपती सुधारला असं म्हणवत नाही. आता फाटकावर उभा राहून तो सांगतो, की आमच्या व्याह्यांनी मुहूर्ताच्या दिवशी स्वतः उभं राहून फवाऱ्याची तपासणी केली, तशी दुसऱ्या कुणाच्या फवाऱ्याची झालेली नाही. खालच्या अंगाच्या आणखी दोन सोसायट्यांनी त्याला पुढच्या दिवाळीसाठी विचारलं आहे. गवत लावून, पाणी घालून वाढवण्यापेक्षा रंगवणं सोपं पडतं, हे प्रज्ञेशनी मीटिंगमध्ये पटवून दिलंय. लॉन तसंच आहे. गवत पुन्हा लावलेलं नाही. गरज कुणाला वाटली नाही.

टाकी मात्र धुतली जाते. दर रविवारी सकाळी महिपती तीन पाणी ओततो आणि तिसरं ओंजळीत घेऊन हुंगतो. त्या वासातलं त्याला काही कळत असेल असं नाही. पण ओसरीवर रेणुका बसलेली असते, आणि तिचं लग्न वैशाखात आहे.